सदतिसावी नळी

आमच्या आप्पांना वाफ वाया गेलेली बघवत नसे. कुणाच्याही घरी गेले आणि चुलीवर उघडं पातेलं दिसलं, की आपण पाहुणे आहोत हे विसरून ते उठत आणि ताटली शोधून त्यावर झाकत. लग्नाच्या मांडवात तर त्यांना आवरणं कठीण. वऱ्हाडी पंगतीकडे, आप्पा आचाऱ्याच्या भट्टीकडे. "एवढी वाफ चालनी, कोणी धरी ऱ्हायना का तिले?" असं ते विचारत, आणि बिचारा आचारी काहीतरी चोरीला गेलं असं समजून इकडेतिकडे बघे. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला सगळा मुलूख नाच बघायला लोटतो. आप्पा एकदा जाऊन आले. काय पाहिलं म्हणून विचारलं, तर कपाळाला हात लावून म्हणाले, "कितली उष्णता वर गई, फुकट!"

आप्पा म्हणजे माझे जेठ, माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. गावात त्यांना नळीवाले आप्पा म्हणत. लग्न मात्र धाकट्याचं आधी झालं, कारण थोरला तयारच नव्हता. लग्नाचा विषय काढला की म्हणत, "आधी वाफ थंडी व्हवू द्या, मंग मन्हं पाहू." ती त्यांच्या मनासारखी थंड शेवटपर्यंत झाली नाही, आणि लग्नही राहिलं ते राहिलंच. सुरुवातीला गावानं यावर खूप चघळलं. मग नवीन विषय मिळाले आणि गावानं आप्पांना सोडून दिलं.

मी धुळ्याची, गणित घेऊन मॅट्रिक झालेली. शहाद्याजवळच्या या कापूस-केळीच्या गावात सून म्हणून आले, तेव्हा आप्पा नुकतेच नोकरी सोडून घरी परतले होते. इंजिनिअरिंगची पदविका घेऊन ते गुजरातेतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसत. तिथं त्यांचं काम एकच, गरम वाफ गार करणाऱ्या यंत्रांचे हिशोब करणं आणि नकाशे काढणं. नळ्या किती, किती लांब, नळ्यांची टोकं बसतात तो पत्रा किती जाड, त्याची भोकं किती अंतरावर. मग सोडलं कशाला? तर म्हणे, "मी कागदवर नळी काढू, ती कोठे जास, काय करस, माले कधी दिसेच ना. पोरगी देवाना आनि सासर पाहाना नही, असं काम." आणि पोरगी द्यायची गोष्ट काढणारा हा माणूस स्वतः बोहल्याला घाबरत होता!

त्यांना यंत्र करायचं होतं ते आपल्याच मुलखासाठी. नवापूरच्या डोंगरात रोशा गवत होतं. पाऊस संपता संपता ते फुलावर येतं, तेव्हा कापून मोठ्या कढईत पाण्याबरोबर उकळतात, आणि त्याची वाफ बांबूच्या नळीतून नेऊन नाल्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात गार करतात. पाण्यावर सुगंधी तेल तरंगतं, ते काढून घ्यायचं. नाला भरलेला असेतो सगळं ठीक. दिवाळीच्या सुमाराला नाला आटायला लागला, की तांब्याचं भांडं उघडं पडायचं, वाफ गार व्हायचीच नाही, आणि अर्धं तेल हवेत जायचं. त्या दिवसांत तिकडून जाणारा प्रत्येक जण म्हणे, वा, काय घमघमाट आहे! आप्पांचा मात्र जीव कळवळे. "हाऊ वास नही, ही गळती शे," म्हणत.

नाला नसला तरी विहिरीच्या थोड्या पाण्यावर वाफ गार करील असा नळ्यांचा डबा त्यांना बनवायचा होता. माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते तापट नव्हते, पण एकदा बोलले की विषय संपला. कारखान्यातल्या साहेबानं आप्पांची जागा दिवाळीपर्यंत रिकामी ठेवली होती. आबा म्हणाले, "दिवाळीलोंग डबा चालना तं ऱ्हाय. नही चालना तं गाडी पकड." आप्पा मजेत "बरं" म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले. सासूबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. एवढ्या वर्षांनी लेक घरी आला होता, आणि आता त्याचं घरी राहणं एका डब्यावर ठरणार होतं.

हा हिशोब एका दमात होणारा नसतो. आधी अंदाजानं आकडा धरायचा, त्यावरून पुढचं सगळं काढायचं, शेवटी पहिल्याशी ताडून बघायचं. जुळलं नाही की नवा अंदाज, पुन्हा पहिल्यापासून. आप्पा अशा प्रत्येक फेरीला घाणा म्हणत, कढईतून भज्यांचा काढतात तसा. एकटे करायला बसले तर दसरा तिथंच गेला असता. म्हणून त्यांनी घरालाच कामाला लावलं. आमच्याकडे पापड करताना एक जण पीठ कुटतो, एक लाट्या तोडतो, एक लाटतो, एक वाळत घालतो, आणि कुणाचाच हात रिकामा नसतो. आप्पांनी गणित तसं वाटून टाकलं. ते सूत्र सांगणार. माझे यजमान बेरजा-वजाबाक्या करणार. लॉगॅरिदमचं कोष्टक वाचून गुणाकार-भागाकार सोडवायचं काम मॅट्रिक सुनेकडे. आणि कितवा घाणा चालू आहे हे सासूबाई चिंचोके मांडून लक्षात ठेवणार.

अडचण एकच होती. जेठासमोर सुनेनं पदर नाकापर्यंत ओढून घ्यायचा आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे आप्पा ओट्यावर, मी आत चुलीपाशी, आणि मधल्या उंबऱ्यावर सासूबाई. आप्पा आकडा सांगत, सासूबाई तो आत सांगत. मी उत्तर काढून सासूबाईंना सांगे, त्या बाहेर सांगत. आप्पांच्या यंत्रातही हेच असतं. एका बाजूला तापलेली वाफ, दुसऱ्या बाजूला गार पाणी, मध्ये नळीची भिंत. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण ऊब इकडची तिकडे जाते. आमच्या घरात ती भिंत म्हणजे सासूबाई, आणि ही भिंत अधूनमधून स्वतःचंही चार शब्द घालत असे.

दुपारची जेवणं झाली की काम सुरू. पहिला घाणा बिघडला, दुसरा बिघडला. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. "अंदाज चुकना तं चुकना. पण चुकेल अंदाज धरी बठनं नही," असं म्हणत आणि हातातल्या स्लाइड रूलनं पाठ खाजवत. ती पट्टी गणितापेक्षा पाठीसाठीच जास्त वापरली जाई. यजमानांची बेरीज चुकली तर आप्पा रागवत नसत, नुसतं विचारत, "तू कोना वाटाना जेवना रे आज?" आणि आत मी पदरात तोंड दाबून हसत असे. लग्न होऊन नवीन घरात आलेल्या मुलीला हसायला कारण मिळणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, आणि ते आप्पांनी मला रोज दिलं.

शेवटी एका दुपारी घाणा जुळला. नळ्या किती लागतील त्याचं शेवटचं उत्तर माझ्याकडे होतं, छत्तीस. मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई क्षणभर थांबल्या, बाहेर तोंड केलं आणि ठामपणे म्हणाल्या, "सदतीस!"

आत मी माझा कागद पुन्हा बघितला. बाहेर आप्पा गोंधळले. त्यांनी मागचं पुढचं ताडून पाहिलं, सदतीस काही बसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं काढलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी दरवेळी छत्तीसच सांगे आणि उंबऱ्यावरून दरवेळी सदतीसच बाहेर पडे. शहाद्याचा कारागीर पत्र्याला भोकं पाडायला खोळंबला होता, दसरा होऊन गेला होता, आणि आप्पा पहिल्यांदाच गप्प गप्प राहायला लागले. पातेली उघडी दिसली तरी उठेनात. जेठांशी बोलावं तर रीत आडवी, सासूबाईंची चुगली करावी तर संसार आडवा.

मग मी आमच्या बायकांची जुनी युक्ती केली. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीशी, नाहीतर भांड्याशी बोलायचं. उंबऱ्याजवळ पाण्याची घागर होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "घागरबाई, मन्हा हिशोब छत्तीसना उना व्हता. तू कोणले सांगू नको."

बाहेर पेन्सिल थांबली. आप्पांनी तोंड अंगणाकडे फिरवलं आणि ते शांतपणे म्हणाले, "घागरबाई, मंग सदतीस कोठून उना, इचार बरं."

घागर गप्प राहिली. सासूबाई चिंचोके गोळा करत पुटपुटल्या, "एक मी घाली दिधा."

"कसाले, माय?"

"घरमाईन काम भाईर जाई ऱ्हायनं. असं पुरं मोजीसन कोणी धाडस का? आहेर देवाना तरी वर एक ठेवतस. पुरं व्हयनं म्हणजे सरनं. एक वर ऱ्हायना म्हणजे पुढे चालस." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. लेक पुन्हा गाडी पकडून जाऊ नये म्हणून त्यांनी गणितात शकुनाचा एक घातला होता.

आप्पा रागवतील असं मला वाटलं. पण ते इतके हसले, इतके हसले की शेजारच्या ओट्यावरचे म्हातारे काय झालं म्हणून उठून बघायला आले. हसणं ओसरल्यावर त्यांनी कोळसा घेतला आणि ओट्यावरच नळ्यांच्या भोकांचा नकाशा मांडायला बसले. "छत्तीस म्हणजे छत्तीस, माय. गणितमा आहेर चालस नही." मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर-खाली सहा-सहा, मग पाच-पाच, मग चार. शेवटच्या ओळीत तीनच ठिपके पडले आणि छत्तीस संपले. एक कोपरा भुंडा राहिला. सासूबाई उभ्या राहून बघत होत्या. रोज अंगणात रांगोळी घालणाऱ्या बाईला असला नकाशा कोण शिकवणार! त्या आत गेल्या, रांगोळीची चिमूट घेऊन आल्या आणि त्या रिकाम्या जागी एक ठिपका ठेवला. "आते बसनी," म्हणाल्या. काळ्या ठिपक्यांत तो एकच पांढरा, पण सहाही बाजू सारख्या झाल्या. आप्पांनी बोट फिरवत सहाही बाजू पुन्हा मोजल्या. मग घागरीकडे वळून म्हणाले, "घागरबाई, सदतीसच करू. भोकं सारखी पडनी तं पत्रावर ताण बी सारखा पडस. माय गणित उशिरा शिकनी, पण बरं शिकनी."

त्या दिवसापासून आमच्या घरात घागर कामाला लागली. मी घागरीला उत्तर सांगायची, आप्पा घागरीला पुढचा आकडा सांगायचे. सासूबाई रुसल्या नाहीत, उलट सुटल्या. त्यांना निवांत चिंचोके मांडता यायला लागले. आबा सगळं पाहून न पाहिल्यासारखं करत.

डबा तयार झाला. नंदुरबारहून गाडीनं आम्ही सगळेच नवापूरला गेलो. डबा गोणपाटात गुंडाळून आप्पांनी मांडीवर घेतला होता, आणि डबा मांडीवर मावत नसल्यामुळे निम्मा यजमानांच्या मांडीवर होता. सासूबाईंच्या हातात नारळ. आबांनी मात्र आप्पांची पत्र्याची ट्रंक, कपडे भरून, बरोबर घेतली होती. तीच गाडी पुढे गुजरातेत जाते. डबा चालला नाही तर परत घरी यायची भानगडच नको, तिथूनच पुढे रवाना. ट्रंक बघून सासूबाई अख्खा प्रवास तिच्याकडे पाठ करून बसल्या. आप्पा खिडकीतून इंजिनाच्या धुराकडे बघून हळहळत होते.

डोंगरातल्या भट्टीवाल्या काकांनी गवत भरून ठेवलं होतं. नाल्यात पाणी घोट्यापर्यंतही नव्हतं. उंचावर ठेवलेल्या टाकीत विहिरीचं पाणी भरून त्यातलं डब्यात सोडलं, जाळ घातला. सासूबाईंनी नारळ फोडला. कढई उकळायला लागली, वाफ डब्यातल्या नळ्यांत शिरली, आणि खालून टपटप थेंब पडायला लागले, गार थेंब. काकांनी बोट लावून बघितलं आणि मान डोलावली. आप्पांनी आबांकडे पाहिलं. तेवढ्यात दुसऱ्या तोंडानं बाहेर पडणाऱ्या विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला. तेल त्या पाण्यात मिसळून वाहून जात होतं. आत एका नळीचा जोड उकलला होता.

जाळ ओढला. आबांचा हात नकळत ट्रंकेच्या कडीवर गेला होता. डबा गार होईतो आप्पा दगडावर बसून होते, आणि माझ्या मनात आलं, संपलं, आता उद्यापासून ओट्यावर कुणी हसणार नाही. मग आप्पा उठले, दोन्ही बाजूंची झाकणं उघडली, फुटकी नळी शोधली, काकांकडून बाभळीच्या दोन खुंट्या तासून घेतल्या आणि त्या नळीच्या दोन्ही तोंडांत ठोकून ती कायमची बंद करून टाकली. हात पुसत त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी विहिरीवरून आणलेली घागर जवळच होती.

"घागरबाई," ते म्हणाले, "कितल्या उरन्यात?"

मी पदरातून म्हटलं, "छत्तीस."

"कितल्या जोयजे व्हत्यात?"

"छत्तीसच."

सासूबाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या तिथंच गवताच्या भाऱ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात पदर. पुन्हा जाळ घातला. या वेळी तवंग आला नाही. संध्याकाळपर्यंत पाण्यावर तेलाचा सोनेरी थर जमला, आणि सगळ्या डोंगरात घमघमाट कुठेच नव्हता. आप्पा छाती भरून श्वास घेत म्हणाले, "वा! काहीच वास नही!"

आबांनी ट्रंकेतले कपडे बाहेर काढले आणि काकांनी दिलेल्या तेलाच्या बाटल्या त्यात ठेवल्या. कपडे माझ्या डोक्यावर, बोचक्यात. "चाल घर," एवढंच आबा म्हणाले. त्या ट्रंकेला पुढे कित्येक वर्षं रोशाचा वास येत होता, आणि आप्पा ती उघडली की लगेच बंद करत, वास वाया जाऊ नये म्हणून.

खूप पुढे आप्पांनी मला सांगितलं, अर्थात घागरीमार्फत, की त्यांनी हिशोबातच थोडी ढील धरली होती. पस्तीस नळ्यांवरही डबा चालला असता. मग ते तुम्ही सासूबाईंना का सांगितलं नाही, असं घागरीनं विचारलं. आप्पा म्हणाले, "मन्ही ढील कागदवर व्हती. मायनी ढील डबामा व्हती." पुढे त्यांनी किती डबे केले, कुणाकुणाच्या भट्ट्यांना बसवले, पण एकदाही नेमक्या नळ्या घातल्या नाहीत. उत्तर काहीही येवो, वर एक. आणि घाण्यांचं आमचं कामही वर्षानुवर्षं चालू राहिलं. रीत पुढे सैल होत गेली, नाकावरचा पदर कपाळावर आला, कपाळावरचा डोक्यावर गेला. बोलणं मात्र घागरीशीच राहिलं, कारण आम्हा दोघांनाही त्यात मजा वाटायला लागली होती. सासूबाई गेल्या त्या वर्षी आप्पांनी चिंचोक्यांची पुरचुंडी स्वतःच्या खिशात ठेवली आणि घाणे स्वतः मोजायला लागले. आप्पाही गेले. शेवटच्या आजारात पेज नेऊन ठेवली, की हात हलत नसला तरी डोळ्यांनी खुणावत, झाकण कुठंय?

परवा माझी नात दिवाळीला आली. तीही हेच काम करते, पुण्याच्या एका ऑफिसात. आप्पा बसत त्याच ओट्यावर तिनं मांडीवर लॅपटॉप घेतला आणि मला दाखवलं. वाफ किती, पाणी किती, एवढं तिनं भरलं आणि एक बटण दाबलं. आमच्या अख्ख्या घराला ज्याला पंधरवडा लागत होता ते तिच्या सॉफ्टवेअरनं मी चष्मा पुसेपर्यंत केलं. नळ्या, त्यांची लांबी, पत्र्याची जाडी, सगळं. चिंचोके नाहीत, घागर नाही, कुणी हसलं नाही. खोटं कशाला बोलू, मला जरा ओकंओकंच वाटलं.

"किती आल्या गं नळ्या?" मी विचारलं.

"लागतात साठ," ती म्हणाली. मग तिनं पडद्यावर नकाशा उघडला. सहा बाजूंची रांगोळी, मधली ओळ नऊ ठिपक्यांची. "पण आजी, साठ घेतल्या की एक कोपरा रिकामा राहतो. म्हणून हे सॉफ्टवेअर स्वतःच एक वाढवून एकसष्ट घेतं, बघ."

मी बघितलं, आणि माझा हात आपोआप वर गेला. डोक्यावरचा पदर मी नाकापर्यंत खाली ओढला.